आईच्या गळ्यातलं फुलपाखरू

डोंगराच्या पायथ्याशी मोगऱ्याचे मळे होते, पांढरेशुभ्र, दवात न्हालेले. मळ्यांच्या कडेला इवल्याशा झोपडीत शेवंती आणि तिची आई गौरा राहायच्या. आई दुसऱ्यांच्या मळ्यात कळ्या खुडायची, गजरे गुंफायची, त्यावरच दोघींचं पोट चालायचं.

पण वर्षभर आईला काहीतरी होत होतं. सोनेरी उन्हातही ती कुडकुडायची. चेहरा सुजायचा, केस गळायचे, गजरा गुंफता गुंफताच डोळे मिटायचे. गळ्यातली फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी मंदावली आहे, असं सांगून डॉक्टरीणबाईंनी तिला रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायला एक इटुकली पांढरी गोळी दिली. आईला जरा बरं वाटू लागलं, तोच गावात भुजंगबुवा आला. गोळी म्हणजे विष, असं सांगत तो निसर्गाचं औषध म्हणून हिरवी पूड विकू लागला. शेवंतीच्या कमळाआत्याचा त्याच्यावर विश्वास बसला. तिने भावजयीच्या गोळ्या चुलीत टाकल्या.

आई अंथरुणाला खिळली. आई आजारी आहे, असं शेवंतीने घरोघर जाऊन सांगितलं, तर लोक हसले. गौरा आळशी झाली, म्हणाले.

शेवंतीच्या अंगाची लाही लाही झाली. रडत, धुसफुसत ती एकटीच कळ्या खुडायला गेली. तरीही तहानलेलं एक रोपटं दिसलं, तेव्हा आपल्या तांब्यातलं पाणी तिने त्याला घातलंच.

त्याच रोपट्यावर लख्खकन उजेड झाला. पानावर बोटभर परी उभी होती. पंख जांभळे, झगा केशरी, आणि केसांत दवाचे मणी.

“एक इच्छा माग, बाळा,” परी म्हणाली. “पण ती स्वतःसाठी नको, कुणाचं वाईट करणारी नको.”

भुजंगबुवाचा बेडूक कर, हे शब्द शेवंतीने कसेबसे गिळले. मग आईला बरं कर, असं तिने मागितलं.

परीने मान हलवली. “फुंकर मारून आजार बरा करणं माझ्या हातात नाही. तसं सांगणारा खोटं बोलतो.”

“मग तुझा उपयोग काय?” शेवंती फणकारली. पण लगेच तिला सुचलं. “आईला काय होतंय, ते सगळ्यांना दिसू दे.”

दुसऱ्या दिवशी चावडीपुढे भुजंगबुवा पूड विकत होता. शेवंती आईला हाताला धरून हळूहळू तिथे घेऊन आली. गर्दीला आईच्या गळ्यात एक चिमुकलं फुलपाखरू दिसू लागलं. पंख मिटलेले, रंग उडालेला, जणू थकून झोपलेलं. भुजंगबुवाने घाईघाईने आईला पूड चाटवली. फुलपाखरू हललंसुद्धा नाही.

“ही आळशी नाही,” शेवंती म्हणाली. तिचा आवाज रडका नव्हता. “ही आजारी आहे. आणि आत्या, तू तिचं औषध जाळलंस.”

कुणी मान वर केली नाही. भुजंगबुवाने गाठोडं उचलून पळ काढला. कमळाआत्या मात्र थेट दवाखान्यात गेली आणि गोळ्या घेऊन आली. आयोडीनचं मीठ, ताजं जेवण, सकाळचं चालणं, पुरेशी झोप, हे सगळं चांगलंच, पण गोळीच्या जोडीला, गोळीऐवजी नाही, असं डॉक्टरीणबाईंनी तिला बजावून सांगितलं होतं.

आई एका दिवसात बरी झाली नाही. कितीतरी आठवडे गेले. मग एका सकाळी ती आपणहून उठली आणि अंगणात येऊन उभी राहिली.

कुंपणावर परी बसली होती.

“मी सांगत होते, तेव्हा कुणी का नाही ऐकलं?” शेवंतीने विचारलं. तिचा राग अजून गेला नव्हता.

“ऐकायला हवं होतं,” परी म्हणाली. “तुझा राग खरा आहे.” तिने शेवंतीच्या गालावर हात ठेवला आणि बघता बघता ती सोनसळी प्रकाशात विरून गेली. प्रकाश ओसरला, तेव्हा झोपडीभोवती त्यांच्या स्वतःच्या मोगऱ्याचे वेल टपोऱ्या कळ्यांनी लगडले होते.

त्या दिवसापासून कमळाआत्या रोज गजरे गुंफायला येते. आल्या आल्या विचारते, “वहिनी, आज कसं वाटतंय?” आणि उत्तर पुरतं ऐकून घेतल्याशिवाय सुईला हात लावत नाही.