घासाईचा पाटा

जरा वाकून या, उंबराची फांदी खाली आली आहे. चपला तिथंच राहू द्या. झऱ्याच्या काठची ही काळी शिळा म्हणजे आमची घासाई. मूर्ती नाही, मुखवटा नाही. मधोमध हा पांढरा पट्टा दिसतो, त्यालाच आम्ही हळदकुंकू वाहतो. इथल्या वाड्यांतलं लेकरू पहिलं अन्न याच शिळेपाशी खातं. आणि तो घास त्याची आई भरवत नाही, मामाही नाही. जिच्या पोटी मूल नाही अशी गावातली बाई भरवते. दुसरीकडं अशा बाईला उष्टावणात पुढं येऊ देत नाहीत. आमच्याकडं ती आल्याशिवाय उष्टावण होत नाही. असं का, ते जुनी माणसं सांगत आली तसं सांगतो.

फार मागं या डोंगराच्या कुशीत दोघा भावांचं एकच घर होतं म्हणे. थोरल्याची बायको ठकू, धाकट्याची राही. ठकूच्या हाताला चव होती, पण लग्नाला किती वर्षं झाली तरी तिची कूस उजवली नव्हती. राही आली आणि वर्षभरात तिचा पाळणा हलला. दृष्ट लागू नये म्हणून मुलाचं नाव भिकू ठेवलं.

उष्टावणाची खीर ठकूनंच शिजवली. वाटी घेऊन ती पुढं आली तशी सासू म्हणाली, "वाटी ठेव आणि मागच्या दारी जा. लेकरू घास घेताना तुझी नजर नको."

ठकू मागच्या दारी जाऊन उभी राहिली. आतून बायकांचं हसणं ऐकू येत होतं. तिच्या मनात त्या दिवशी जे पेटलं ते शेणीच्या विस्तवासारखं धुमसत राहिलं. वर राख, आत निखारा.

पुढं पेरणी आली. कामाच्या दिवसांत दृष्टीची भीती कोण धरतो? राही शेतावर जायची, सासूला धड दिसत नसे, भिकू दिवसभर ठकूजवळ. ठकू काकवीत बोट बुडवायची आणि त्याच्या ओठांना लावायची. पोर चुटूचुटू चोखायचं. संध्याकाळी राही नाचणीची पेज घेऊन बसली की ते तोंड फिरवायचं, पेज फुर्रकन उडवायचं आणि ठकूकडं हात पसरायचं.

"राहू दे गं, माझ्याकडं दे," ठकू म्हणायची. त्याला कडेवर घेताना ती जावेच्या तोंडाकडं बघायची. ते उतरलेलं तोंड तिला काकवीहून गोड लागायचं, असं सांगतात.

राही पहिल्यांदा हसायची. मग हसू येईना. आपलं पोर जावेच्या खांद्यावर मान टाकून झोपलेलं बघितलं की तिच्या घशाखाली भाकरी उतरत नसे. इकडं भिकू वाळत चालला. हातापायांच्या काड्या झाल्या, पोट तेवढं पुढं आलं.

एक दिवस राही दुपारीच घरी आली. पाळण्याच्या दोरीवरून मुंग्यांची रांग उतरली होती, थेट झोपलेल्या पोराच्या हनुवटीपर्यंत. राहीनं बोटानं हनुवटी पुसली आणि ते बोट जिभेला लावलं.

"अक्का, काय भरवता माझ्या लेकराला?"

"तुझ्या हातून जे खात नाही ते," ठकू म्हणाली.

राहीनं पोर उचललं आणि जावेला आपल्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. पण भिकू तिच्या हातून खाईना. तिनं नाक दाबून पेज घातली, त्यानं ओकून टाकली. नजर सारखी दाराकडं. शेवटी त्याला रडायचंही बळ उरलं नाही, तेव्हा राही त्याला पोटाशी धरून या झऱ्यावर आली आणि शिळेपाशी बसून राहिली.

मागोमाग ठकू आली. पदरात भिजवून मोड आणलेली नाचणी होती. ती लांबच उभी राहिली. म्हणाली, "सवय मी लावली, मीच मोडते. एकदा का तो तुझ्या हातून जेवला, की मी त्याला शिवणार नाही. झऱ्याची आण."

पोर त्या हातून जेवेल, जगेल, आणि तिचंच होऊन बसेल, हे भय राहीला सोडत नव्हतं. शेवटी तिनं पोर पुढं केलं. "माझ्यासमोर भरवा," एवढंच म्हणाली.

ठकूनं शिळेवरच नाचणी वाटली, पदरातून गाळली, तीन दगडांवर सत्त्व शिजवलं. गुळाचा कण नाही. बोटावर घेऊन ओठाला लावलं. भिकूनं थुंकून टाकलं. ती थांबली, स्वतः चाटून दाखवलं, पुन्हा लावलं. रागावली नाही, दाबलं नाही. तो मान फिरवायचा, ती वाट बघायची. दिवस कलता कलता त्यानं एक घास गिळला म्हणे, आणि त्याच वेळी बोटावरून जे सत्त्व शिळेवर सांडलं ते पुढं कितीही पाणी ओतलं तरी निघालं नाही.

रोज असंच चाललं, आणि हळूहळू ठकूच्या बोटाच्या जागी राहीचं बोट येत गेलं. मग एके दिवशी भिकूनं राहीच्या हातून अख्खी वाटी खाल्ली. ठकू उठली. पोर हात पसरून रडायला लागलं, पण तिनं मागं वळून बघितलं नाही. घरी गेली नाही, इथंच उंबराखाली झोपडी घालून राहिली.

राहीला पुढं मुलगी झाली. उष्टावणाच्या दिवशी सासू नको नको म्हणत असताना ती मुलीला घेऊन इथं आली आणि ठकूच्या मांडीवर ठेवली. "अक्का, पहिला घास तुमचा." मग गावातल्या बायका येऊ लागल्या. ठकू गेल्यावर शिळेलाच घासाई म्हणू लागले.

राहीच्या मनातला मत्सर गेला का, असं पाहुणे विचारतात. गेला असं कुणी सांगत नाही.

आजही इथं सत्त्वात गूळ घालत नाहीत आणि मुलाचा हात धरून भरवत नाहीत. आईनं समोर बसायचं, पण मान फिरवायची नाही. दुसरीच्या हातून आपलं लेकरू पहिला घास घेतं ते डोळ्यांनी बघायचं. कुणाचे डोळे भरतात, कुणी ओठ चावते. आम्ही काही विचारत नाही. घास उतरेपर्यंत सगळे गप्प उभे असतात.