हिरवूची अर्धी उडी

एक होता नाकतोडा. एवढासा. हिरवा हिरवा. नाव त्याचं हिरवू.

हिरवू राहायचा कार्टूनमध्ये. टीव्ही लागला की हिरवू हजर.

एकदा काय झालं, मध्ये होता ओढा. अलीकडे हिरवू, पलीकडे आई. आईने पानावर गूळ काढून ठेवलेला. हिरवूने मारली उडी. टुण्!

टुण् झालं, पण धप्प झालंच नाही. कार्टून तिथेच थांबलं. हिरवू हवेत लटकला. पाय वर, मिश्या खाली. आता बघा पंचाईत!

हिरवूला आलं रडू. पण रडून कुणाची उडी पुरी होते का? नाही होत. मग तो हवेतूनच निघाला.

टुण् टुण् टुण्.

इरफानदादा हिरवूची चित्रं काढायचा. हिरवू त्याच्या टेबलावर तरंगला. म्हणाला,

“दादा दादा, चित्र काढ.
माझी उडी होईना,
मला आई भेटेना.”

दादाने पेन्सिल कानावर ठेवली. म्हणाला, “आधी आवाज, मग चित्र. तू जसा बोलशील, तसं तुझं तोंड काढायचं. सुलूमावशी बोलली तर काढीन. नाहीतर नाही काढणार.”

टुण् टुण् टुण्.

सुलूमावशी बसली होती काचेच्या खोलीत. हिरवूचा आवाज तिचा. हिरवूच्या आईचा आवाजही तिचाच. हिरवू म्हणाला,

“मावशी मावशी, बोल बोल.
दादा चित्र काढीना,
माझी उडी होईना,
मला आई भेटेना.”

मावशीने गुळण्या केल्या. गुळगुळगुळ. खाकरली. खो खो. मग म्हणाली, “बोलू काय? माझा कागद कोरा. शर्वाणीताईने गोष्ट लिहिली तर बोलेन. नाहीतर नाही बोलणार.”

टुण् टुण् टुण्.

शर्वाणीताई बसली होती कार्टूनच्या ऑफिसच्या फाटकाबाहेर, झाडाखाली. गोष्टी लिहिणारे सगळेच तिथे बसले होते. सगळ्यांची पेनं खिशात आणि सगळ्यांची हाताची घडी. तोंडावर बोट मात्र नाही हं! तोंडाने भेळ चालली होती. कुरुम कुरुम.

त्यांचा होता संप. संप म्हणजे काय? सगळ्यांनी मिळून सांगायचं, आमचं ऐका, मगच काम करू.

हिरवू म्हणाला,

“ताई ताई, गोष्ट लिही.
मावशी बोल बोलेना,
दादा चित्र काढीना,
माझी उडी होईना,
मला आई भेटेना.”

ताईला वाईट वाटलं. हिरवू तिचा फार लाडका. पण तिने हाताची घडी सोडली नाही. म्हणाली, “गोष्टी आम्ही लिहितो, आणि कार्टूनवर आमचं नावच नाही. ऑफिसातल्या मोठ्या साहेबांनी नाव लावलं तर लिहीन. नाहीतर नाही लिहिणार.”

टुण् टुण् टुण्.

साहेब बसले होते मोठ्या खुर्चीत. स्वतःच गोष्ट लिहीत होते. ‘नाकतोडा उडतो. नाकतोडा उडतो. नाकतोडा उडतो.’ पुढे काही सुचेना. पण कबूल कोण करणार? हिरवू म्हणाला,

“साहेब साहेब, नाव लावा.
ताई गोष्ट लिहीना,
मावशी बोल बोलेना,
दादा चित्र काढीना,
माझी उडी होईना,
मला आई भेटेना.”

साहेब म्हणाले, “नावं कोण बघतं? मुलं जुनीच कार्टून बघतात मजेत. मुलांनी सांगितलं तर लावीन. नाहीतर नाही लावणार.”

टुण् टुण् टुण्.

रुंजी बसली होती टीव्हीपुढे. बाबा भरवत होते वरणभात. टीव्हीवर जुनंच कार्टून. रुंजीला आली जांभई. हिरवू म्हणाला,

“रुंजी रुंजी, सांग ना.
साहेब नाव लावीना,
ताई गोष्ट लिहीना,
मावशी बोल बोलेना,
दादा चित्र काढीना,
माझी उडी होईना,
मला आई भेटेना.”

रुंजी म्हणाली, “आधी मला नवी गोष्ट सांग. मग सांगीन. नाहीतर नाही सांगणार.”

आता नाकतोड्याला कुठली यायची गोष्ट? पण हिरवूने सांगायला घेतली. ओढा सांगितला. गूळ सांगितला. टुण् सांगितलं. रुंजीने केला मोठा आ. बाबांनी हळूच घास सारला. रुंजी म्हणाली, “मग पुढे?”

“पुढचं मला नाही येत.”

“साहेबांना येतं?”

“नाही येत.”

“मग कुणाला येतं?”

“शर्वाणीताईला,” हिरवू म्हणाला.

रुंजी उठली. टीव्ही केला बंद. टक्! गॅलरीत जाऊन सगळ्या मित्रमैत्रिणींना सांगून आली. शेजारचा टीव्ही टक्. समोरचा टीव्ही टक्. सगळ्या गल्लीत टक् टक् टक्.

मग बाबांनी लावून दिला साहेबांना फोन. रुंजी म्हणाली, “साहेब, पुढचं ज्यांना येतं, त्यांचं नाव लावा.”

ट्रिंग! दुसऱ्या मुलाचा फोन. ट्रिंग! तिसऱ्या मुलीचा फोन. साहेबांचा कान झाला लालेलाल. साहेब म्हणाले, “लावतो बाबांनो, लावतो.”

मग साहेबांनी नाव लावलं. पाटीच रंगवली मोठी.
ताईने गोष्ट लिहिली. सुर्र सुर्र.
मावशी बोल बोलली. मंजुळ मंजुळ.
दादाने चित्र काढलं. सर सर सर.

रुंजीने टीव्ही लावला. आधी आलं नाव. रुंजीला कुठलं वाचता यायला? बाबांनी मोठ्याने वाचलं, “गोष्ट लिहिली शर्वाणीताईने.”

आणि मग?

टुण्... धप्प!

हिरवू पडला आईच्या पुढ्यात. आई म्हणाली, “किती रे उशीर, सोन्या?”

हिरवू म्हणाला, “तुझं हेच बोलणं लिहायचं राहिलं होतं, आई.”

आईने त्याला जवळ घेतलं. गुळाचा खडा तोंडात घातला. चुटुक चुटुक चुटुक.

उडी झाली पुरी, गोष्ट झाली पुरी. गूळ हिरवूच्या पोटी, गोष्ट तुमच्या ओठी.