साळूचा रेशमी दोर

कनकपूरच्या महाराजांनी परदेशातून दोर वळायचं यंत्र आणवलं आणि त्याच दिवशी हुकूम काढला: यापुढे जो कोणी हाताने दोर वळेल, त्याने सूर्यास्ताच्या आत गाव सोडायचं. यंत्र दर चार हातांवर अडकायचं, पण दरबारी त्या अडकण्याचंही कौतुक करत. कौतुकाला काय, ते कुठे वळावं लागतं!

पटवेकरी आळीत मात्र तोंडचं पाणी पळालं. पिढ्यान्‌पिढ्या पालख्यांचे गोंडे आणि बाजूबंदांचे दोर करून पोट भरणारी माणसं गाठोडी बांधायला लागली. केरोबा पटवेकऱ्याची मुलगी साळू तडक दरबारात गेली आणि हुकूम मागे घ्या म्हणाली.

महाराजांना गंमत सुचली. "घेतो की. इथेच दोर वळून दाखव. यंत्र वापरायचं नाही आणि रेशमाला तुझं बोटही लागता कामा नये."

प्रधानजी इतके हसले की पागोटं सावरावं लागलं. एवढी बुद्धिमान अट त्यांनी कालपासून ऐकली नव्हती.

साळूने हात पाठीमागे घेतले. "रेशमाला पीळ भरायला मनगटात जोर लागतो. तो महाराजांच्या जास्त की प्रधानजींच्या, यावर आमच्या आळीत पैजा लागतात."

झालं! मागवलेल्या रेशमाच्या लडीचं एक टोक महाराजांनी धरलं, दुसरं प्रधानजींनी. समोरासमोर उभे राहून दोघेही घाम गाळत पीळ भरू लागले. रेशीम ताठ झाल्यावर साळूने भालदाराला मधोमध भाला अडकवायला सांगितला आणि प्रधानजींना त्यांचं टोकही महाराजांच्या मुठीत द्यायला लावलं. मग भाला काढताच रेशीम गर्रकन स्वतःभोवती फिरलं. गुबगुबीत, देखणा दोर तयार झाला.

हरणं राजाला शोभत नाही, म्हणून महाराजांनी पळवाट काढली. "पण हा दोर हातानेच वळला गेला. हुकूम मोडला. मोडणाऱ्याला गाव सोडावं लागेल."

साळूने अदबीने विचारलं, "मग महाराजांचं आणि प्रधानजींचं सामान बांधायला आळीतली माणसं बोलावू का? आमच्या गाठी वाटेत सुटत नाहीत."

महाराजांनी आपल्या लालबुंद तळव्यांकडे पाहिलं आणि ते खो खो हसत सुटले. प्रधानजी लगोलग त्यांच्याहून मोठ्याने हसले. हुकूम तिथेच फाडला गेला. साळूला भरजरी पैठणी मिळाली, आळीला सिंहासनाच्या गोंड्यांचं काम मिळालं, आणि यंत्र फिरवायचा मान मिळाला प्रधानजींना.