न वाजलेली घंटा

नदीवर पूल नव्हता त्या काळी काठावरच्या उंबराला एक पितळी घंटा टांगलेली होती. पलीकडे जायचं असलं की माणूस दोरी ओढायचा, घंटा वाजायची आणि समोरच्या काठावरून नाव यायची. "तू वाजलीस की मी आलेच म्हणून समज," असं नावेनं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि तो शब्द कधी मोडला नव्हता.

पुढे पूल झाला. घंटेची दोरी कुजून पडली. "मी वाजणार नाही, म्हणजे आता नावही येणार नाही," असं म्हणून घंटेनं नदीकडे बघायचंच सोडलं. एक कुंभारीण माशी घरासाठी जागा शोधत आली, तेव्हा घंटा तिला म्हणाली, "बांध माझ्या तोंडातच. मला आता कुणाशी बोलायचंय?" माशीनं चिखल आणून आणून तिचं तोंड लिंपून टाकलं.

एके दुपारी, नावाड्यानं सोडून दिलेली ती नाव डुलत डुलत काठाला लागली.

"अशी काय बघतेस?" नाव म्हणाली. "वाजलीस तर येईन म्हणाले होते मी. नाही वाजलीस तर येणार नाही, असं कधी म्हणाले?"

घंटेला खूप काही सांगायचं होतं, पण तोंडात वाळलेला चिखल होता. ऊन उतरेपर्यंत नाव उंबराखाली थांबली आणि परत गेली. आपण साधं उत्तरही दिलं नाही, आता ती कशाला येतेय, असं घंटेला वाटलं.

दुसऱ्या दिवशीही घंटा वाजली नाही. नाव आली.