हीलियमची जागा

प्राध्यापक निमकरांना दोन गोष्टींचा अभिमान होता, भिंतीवरच्या आवर्तसारणीचा आणि स्वतःच्या शिस्तीचा. पहिल्याच तासाला ते प्रत्येकाला शाळेचं नाव विचारत आणि त्यावरून बाक ठरवत. रंजना भोयेनं आश्रमशाळेचं नाव सांगितलं, तेव्हा पुढच्या बाकांवर हशा पिकला. ती मान खाली घालून शेवटच्या बाकावर जाऊन बसली.

महिन्याभरानं सरांनी तिलाच उभं केलं. "इलेक्ट्रॉन पाहिले तर हीलियम एस-खंडातलं. मग ते पी-खंडाच्या टोकाला, अठराव्या गणात काय करतंय? सांगा, आश्रमशाळा."

वर्ग पुन्हा हसला. रंजनाचे कान तापले, पण या वेळी तिनं मान खाली घातली नाही.

"सर, मूळ पाहिलं तर त्याची जागा दुसऱ्या गणात, बेरिलियमच्या वर. पण ते वागतं निऑनसारखं, कुणाशीच संयोग करत नाही. म्हणून त्याला निऑनच्या गणात बसवलंय. सारणीनं त्याचे गुण पाहिले. तुम्ही आमची फक्त शाळा विचारलीत."

आता कुणी हसलं नाही. निमकरांचा चेहरा उतरला. "बस," ते कसंबसं म्हणाले.

"कुठं बसू, सर?"

हाताला लागलेला खडू झटकायच्या निमित्तानं त्यांनी मान खाली घातली, ती तास संपेपर्यंत वर झाली नाही.