खंडेनवमीची बुडी

सोनवळ गावातील देवीच्या देवळामागे एक जुनी, खोल, पायऱ्यांची बारव आहे. एके वर्षी नवरात्रात श्रीसोमगिरी महाराज तिच्या काठच्या ओवरीत येऊन राहिले होते.

देवीचे पुजारी वैजनाथशास्त्री मोठे योगाभ्यासी. आसने, बंध, मुद्रा, सारे त्यांच्या हातचा मळ. मन मात्र भारी संशयी. 'हा गोसावी ना आसन घालतो, ना नाक धरतो. मग लोक याला योगी म्हणतात ते कशावरून?' असे त्यांच्या मनात सारखे येई. त्याहून त्यांची अढी होती ती सटवाजी कोळ्यावर. विहिरीत पडलेल्या घागरी बुडी मारून काढाव्यात, गाळ उपसावा, हे सटवाजीचे काम. दिवस मावळता तो महाराजांच्या पायाशी येऊन गप्प बसे. 'हा नेमका कशावर डोळा ठेवून येतो?' शास्त्रीबुवा त्याच्या येण्याजाण्यावर नजर ठेवून असत.

खंडेनवमी उजाडली. शास्त्रीबुवांनी देवीचा चांदीचा मुखवटा बारवेवर नेऊन धुतला, पाण्यालगतच्या पायरीवर ठेवला आणि शेजारीच ते अभ्यासाला बसले. अंगठ्यांनी कान बंद, बोटांनी डोळे बंद, श्वास कोंडून कुंभक धरलेला. काही वेळाने डोळे उघडून पाहतात तो पायरी रिकामी! आणि समोरच्या पायरीवर सटवाजी आंघोळ करून धोतर पिळतो आहे.

"चोर! धरा त्याला!"

पूजेला हत्यारे घेऊन निघालेले लोक धावत आले. सुताराचा रंधा, शिंप्याची कात्री, कुणाचा विळा, सगळे हातातच. सटवाजीचे गाठोडे झाडले. त्यात भाकरीशिवाय काही निघाले नाही.

"म्या न्हाई घेतला, शास्त्रीबुवा. देवीची आण!"

"आज ज्याने त्याने आपलं हत्यार आणलं, आणि तुझे हात तेवढे रिकामे. चोरीला मोकळे हातच बरे पडतात!"

लोक हसले. महाराज ओवरीच्या कट्ट्यावर बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "त्याचं हत्यार त्याच्या छातीत आहे, शास्त्रीबुवा. श्वास! आजच्या दिवशी हत्याराला हात जोडायचे ते कशासाठी? ते आपल्या हाती दिलेलं आहे, आपलं नाही, हे ध्यानात राहावं म्हणून. श्वास धरायच्या आधी जो त्याला असे हात जोडतो, तो योगी. सटवाजी रोज बुडी मारण्याआधी हात जोडतो. मुखवटा पाण्यात असेल. त्याला उतरू द्या."

"म्हणजे यानेच दडवायचा, यानेच काढायचा आणि वर शाबासकी घ्यायची!" शास्त्रीबुवा कडाडले. "महाराज, तुमचाही यात हात आहे की काय? कुणी उतरायचं नाही. मी स्वतः बघतो. माझा कुंभक याच्यापेक्षा काकणभर सरसच आहे!"

त्यांनी धाडकन उडी घेतली.

तळ अंधारा होता. चाचपडता चाचपडता हाताला गार चांदी लागली. मुखवटा! तोही ते ज्या पायरीवर बसले होते, बरोबर तिच्याच खाली गाळात रुतलेला. शेवाळावरून तो घसरला होता आणि बंद कानांना आवाज आला नव्हता. शास्त्रीबुवा चरकले. वर येऊ गेले तर धोतर दगडांच्या कपारीत अडकलेले. जसजसे ओढावे, तसतसे आवळत गेले. कुंभक सुटला, नाकातोंडात पाणी गेले. 'आई, निरपराध माणसाला मी चोर म्हटलं!' एवढेच मनात आले.

तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या छातीवर तळहात ठेवला. आणि काय आश्चर्य! कोंडलेला जीव मोकळा झाला, जणू वाऱ्यावर बसून श्वास घ्यावा. मग पायाशी खळबळ झाली. दोन हात कपारीतले धोतर सोडवत होते. तो सटवाजी होता.

वर आल्यावर शास्त्रीबुवा पायरीवर पडून धापा टाकू लागले. मुखवटा छातीशी घट्ट होता.

"सटवाजी, तू माझ्या छातीवर हात ठेवलास ना?"

"न्हाई जी. म्या आलो तवा दोन्ही हात तुमच्या धोतरातच गुंतले हुते. तुमी पाण्यात आरामात बसल्यावानी हाताला लागलात, म्हून मलाच नवल वाटलं."

शास्त्रीबुवांचा जुना संशय पुन्हा उसळला. त्यांनी सुताराला विचारले, "महाराज पाण्यात उतरले होते?"

"छे हो! कट्ट्यावरून हललेसुद्धा नाहीत. डोळे मिटून बसले होते. श्वास तरी चालतोय का, अशी आम्हालाच भीती वाटली."

शास्त्रीबुवा पायऱ्या चढले. आधी त्यांनी सर्वांदेखत सटवाजीपुढे हात जोडले. तो बिचारा संकोचून मागे सरला. मग ते ओवरीत गेले आणि त्यांनी महाराजांच्या चरणांवर डोके टेकले.

कपाळाला काहीतरी गार लागले. पाहतात तो काय, कट्ट्यावर पाण्याचा थेंबही नव्हता, आणि महाराजांच्या दोन्ही पावलांना घोट्यापर्यंत बारवेच्या तळाचा काळा गाळ लागलेला!

शास्त्रीबुवांनी कुणाला काही विचारले नाही. तो गाळ त्यांनी बोटाने हळूच टिपला, कपाळी लावला आणि पुन्हा मस्तक ठेवले. ते बराच वेळ उचलले नाही.