‘काढा’ आणि ‘सुधारा’

संगणक पेटीएवढे जाड असत, त्या काळी एका रक्तदाता मंडळाच्या संगणकात ‘काढा’ आणि ‘सुधारा’ ही दोन बटणं शेजारी राहत. त्यांच्या वर रक्तदात्यांची यादी असे.

एकदा मंडळाच्या कुमुदताईंनी, ज्यांचे फोन लागत नव्हते अशी सगळी नावं निवडली. त्या ओळी निळ्या झाल्या.

“ताई, मला दाबा,” ‘काढा’ म्हणालं. “क्षणात यादी स्वच्छ करतो.”

“नंबर चुकलेत ताई, माणसं नाहीत,” ‘सुधारा’ म्हणालं. “एकेक ओळ उघडा. कितीही वेळ लागू दे, मी थकणार नाही.”

ताईंनी पदर खोचला. शेजारीपाजारी विचारून त्या एकेक नंबर शोधत गेल्या आणि ‘सुधारा’ निमूटपणे राबत राहिलं. शेवटी सदोबा गुरवांची ओळ उरली. ते वारल्याचं त्यांच्या सुनेनं सांगितलं.

“इथं माझा इलाज नाही,” ‘सुधारा’ म्हणालं. “हे काम तुझं.”

‘काढा’नं तेवढीच ओळ पुसली.

पुढच्याच आठवड्यात एका बाळंतिणीला दुर्मिळ गटाचं रक्त हवं होतं. तसं रक्त यादीत एकट्या यशवंत खोताचं होतं. ताईंनी दुरुस्त केलेला नंबर फिरवला.

“निघालोच,” पलीकडून यशवंत म्हणाला.

बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचा निरोप आला, तेव्हा आपण पुसायला निघालो होतो ती यशवंतची ओळ ‘काढा’नं पुन्हा वाचली. तेव्हापासून त्याला कुणीही दाबलं, की ते आधी विचारतं, “नक्की काढू ना?”